खरेदीची टोपली : एका लहान मुक्तस्रोत आज्ञावलीची जडणघडण

अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाचे एक किराणा व्यापारी होते. हातातील टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरते घेते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. १९३७ साली त्यांनी घडीच्या खुर्चीसारख्या सांगाड्याला चाके लावली, त्यावर दोन टोपल्या बसवल्या आणि ही गाडी आपल्या दुकानांत आणली. आरंभी तिला कोणी हात लावीना. अखेर गाडी ढकलत फिरणारी माणसे पगारावर नेमून गिऱ्हाइकांना तिची सवय लावावी लागली. आज संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर कोपऱ्यात जे छोटेसे गाडीचे चित्र दिसते, ते याच गाडीचे होय.

साम्य मात्र चित्रापुरतेच आहे. लोखंडी गाडी माल वाहते. पडद्यावरील टोपलीत मालाचा कणही नसतो. तिच्यात असते ती केवळ एक नोंद : कोणी, कोणती वस्तू, किती नग. त्यामुळे या टोपलीचे खरे नाते दुकानातील गाडीशी नसून दुकानदाराच्या वहीशी आहे. हे एकदा लक्षात घेतले म्हणजे अशी आज्ञावली कशी रचावी, तिच्यात चुका कोठे संभवतात आणि ती सर्वांस पाहण्यास खुली असणे का इष्ट आहे, या तिन्ही प्रश्नांचा उलगडा होऊ लागतो. प्रस्तुत प्रकरणात एका लहान दुकानाचे उदाहरण घेऊन या प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

विसराळू सर्व्हर

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ ते १९९१ या काळात ज्या महाजालाची उभारणी केली, ते शास्त्रीय लेखांची देवघेव करण्यासाठी होते. वाचकाचा ब्राउझर एखादे पान मागतो, सर्व्हर ते पाठवतो आणि व्यवहार तेथेच संपतो. त्याच वाचकाने क्षणभराने दुसरे पान मागितले, तर तो मघाचाच माणूस आहे हे सर्व्हरला ठाऊक नसते. लेख वाचण्यासाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. किंबहुना तिच्या साधेपणामुळेच महाजाल इतक्या वेगाने पसरले. दुकानासाठी मात्र ती निरुपयोगी ठरते. ज्या दुकानदाराला प्रत्येक वाक्यानंतर समोरच्या गिऱ्हाइकाचा विसर पडतो, त्याच्याकडे दुसरी वस्तू मागण्याची सोयच नाही.

या अडचणीवरील उपाय १९९४ साली नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली यांनी शोधला. तोही खरेदीच्या टोपलीच्याच गरजेतून. सर्व्हरने पहिल्या भेटीत ब्राउझरला एक लहानशी चिठ्ठी द्यावी आणि ब्राउझरने पुढील प्रत्येक भेटीत ती परत दाखवावी, अशी ही योजना आहे. या चिठ्ठीला कुकी म्हणतात. कपडे धुण्यास दिले असता मिळणाऱ्या बिल्ल्याशी तिची तुलना करता येईल. बिल्ल्यावर कपड्यांचे वर्णन नसते, केवळ क्रमांक असतो. कपडे कोणते ते धोब्याच्या वहीत पाहावे लागते. चांगल्या आज्ञावलीतही कुकीत फक्त एक दीर्घ, अंदाज बांधता न येणारा क्रमांक असावा. टोपलीत काय आहे ही नोंद सर्व्हरवरच राहावी. क्रमांक १, २, ३ असे ओळीने दिले, तर कोणीही आपल्या चिठ्ठीवरील आकडा बदलून दुसऱ्याची टोपली उघडू शकेल, हे आरंभीच ध्यानात ठेवले पाहिजे.

पुरानी बस्तीतील एक नमुना दुकान

रायपूर शहराचा जुना गाभा म्हणजे पुरानी बस्ती. महामाया मंदिर, दूधाधारी मठ आणि जैतुसाव मठ ही प्रसिद्ध स्थाने याच वस्तीत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे, आणि त्यापूर्वी शंभर वर्षे छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. २००० साली १ नोव्हेंबर रोजी छत्तीसगढ राज्य निर्माण झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले.

या वस्तीत एक लहानसे दुकान आहे, अशी कल्पना करू. तेथे बस्तरच्या ढोकरा कारागिरांनी मेणाच्या साच्यावरून ओतलेल्या पितळी मूर्ती, चांपा येथील कोसा रेशमाचे कापड आणि नगरी भागातील सुवासिक दुबराज तांदूळ मिळतो. या तिन्ही वस्तूंना भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षण लाभलेले आहे. दुकानाचे गिऱ्हाईक जसे रायपुरात आहे, तसेच ते नागपूर आणि पुणे येथेही आहे. दुकानदाराला दूरच्या गिऱ्हाइकांना माल विकावयाचा आहे.

त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे एखाद्या मोठ्या व्यापारी मंचावर जागा घेणे. तेथे गिऱ्हाईक आयते मिळते, पैसे वसूल होतात आणि पाठवणीची सोयही होते. पण विक्रीतील काही हिस्सा मंचाला द्यावा लागतो, आपला माल शोधयादीत कितव्या क्रमांकावर दिसेल हे मंच ठरवतो, आणि गिऱ्हाइकाची ओळखही मंचाकडेच राहते. थोडक्यात, दुकान आपले असले तरी वही दुसऱ्याच्या कपाटात असते. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचे संकेतस्थळ आणि त्यावर स्वतःची टोपली. हा मार्ग कष्टाचा आहे. तो परवडण्याजोगा झाला तो मुख्यतः मुक्तस्रोत आज्ञावलींमुळे.

कच्ची चिठ्ठी आणि पक्की नोंद

आमच्या नमुना दुकानाची आज्ञावली पीएचपी, पायथन अथवा अन्य कोणत्याही भाषेत लिहिता येईल. पीएचपी ही भाषा रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केली, आणि स्वस्तातल्या भाड्याच्या सर्व्हरवर ती सहज चालत असल्याने अशा असंख्य आज्ञावली तिच्यात लिहिल्या गेल्या. भाषा कोणतीही असो, आज्ञावलीचा पाया म्हणजे डेटाबेस, अर्थात कोष्टकांत मांडलेला माहितीचा साठा. लहान दुकानास चार कोष्टके पुरतात.

पहिले कोष्टक वस्तूंचे. प्रत्येक वस्तूचा क्रमांक, नाव, वर्णन, किंमत, कराचा वर्ग आणि शिल्लक नगांची संख्या त्यात असते. दुसरे कोष्टक टोपलीचे. चिठ्ठीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि नग एवढ्या तीनच गोष्टी त्यात नोंदवाव्यात. तिसरे मागण्यांचे : गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, दिनांक, एकूण रक्कम आणि मागणीची सद्यःस्थिती. चौथे मागणीतील ओळींचे : कोणत्या मागणीत कोणती वस्तू, किती नग, कोणत्या दराने आणि किती कर लावून विकली.

टोपलीच्या कोष्टकात किंमत लिहायची नाही आणि मागणीच्या ओळीत मात्र ती आवर्जून लिहायची, या भेदामागील कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे. टोपली ही कच्ची चिठ्ठी आहे. गिऱ्हाइकाचा विचार बदलू शकतो, दुकानदाराचा भावही बदलू शकतो. म्हणून पान उघडताना दरवेळी वस्तूंच्या कोष्टकातून चालू किंमत घेऊन बेरीज मांडावी. मागणी ही पक्की नोंद आहे. आज विकलेल्या मूर्तीचा भाव पुढील वर्षी वाढला, म्हणून गेल्या वर्षीच्या बिलातील आकडा बदलता कामा नये. जुने मुनीम रोजकीर्दीत खाडाखोड करीत नसत. चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करीत. संगणकावरील वहीलाही हाच नियम लागू आहे. मागणी रद्द झाली, तर ओळ पुसून न टाकता तिची स्थिती बदलावी आणि कारण नोंदवावे.

या पायावर पाच क्रिया उभ्या राहतात : वस्तू टोपलीत टाकणे, नगांची संख्या बदलणे, वस्तू काढणे, बेरीज दाखवणे आणि मागणी पक्की करणे. पहिल्या चार क्रिया नवशिक्या प्रोग्रामरलाही दोन-तीन दिवसांत लिहिता येतात. पाचवीत मात्र सारी जबाबदारी एकवटलेली असते.

पैशाचे गणित

संगणक सर्व संख्या दोनाच्या पायावर मांडतो, आणि त्यामुळे अपूर्णांकांत एक विलक्षण अडचण उद्भवते. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश ही संख्या ०.३३३ अशी कितीही लांबवली तरी पूर्ण होत नाही. त्याचप्रमाणे द्विमान पद्धतीत एक-दशांश ही संख्या कधीच नेमकी लिहिता येत नाही. बहुतेक संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज केली, तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. मौजेची बाब अशी की १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया संगणकास अधिक सोयीचा ठरला असता. त्या रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. सोळा व चौसष्ट हे दोनाचेच घात असल्याने आणा आणि जुना पैसा द्विमान पद्धतीत अचूक मांडता येतो. शंभर पैशांचा रुपया तसा मांडता येत नाही.

उपाय सोपा आहे. रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावी आणि केवळ पडद्यावर दाखवताना तिचे रुपये करावेत. समजा, एका पितळी दिव्याची करपूर्व किंमत १,२४९ रुपये ५० पैसे आहे. आज्ञावलीत ती १,२४,९५० अशी नोंदवावी. दोन दिव्यांचे २,४९,९०० पैसे झाले. त्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर १२,४९५ पैसे. माल नागपूरला जाणार असेल, तर व्यवहार आंतरराज्यीय ठरून हा सर्व कर एकत्रित, म्हणजे आयजीएसटी, म्हणून लागतो. माल बिलासपूरला जाणार असेल, तर तोच कर केंद्र आणि राज्य यांत समान विभागला जातो. आता १२,४९५ चे निम्मे ६,२४७ आणि अर्धा पैसा. दोन्ही भाग वरच्या पैशापर्यंत नेले, तर बेरीज एका पैशाने वाढते. खालच्या पैशापर्यंत आणले, तर एका पैशाने घटते. एका बिलात हा फरक नगण्य आहे. पण महिनाअखेर बिलांची बेरीज आणि करपत्रकाची बेरीज जुळेनाशी झाली की तो शोधण्यात कैक तास जातात. म्हणून पूर्णांकनाचा नियम आरंभीच ठरवावा आणि तो आज्ञावलीत एकाच ठिकाणी लिहावा.

कराचे दर तर आज्ञावलीच्या मजकुरात कधीच लिहू नयेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराचे १२ व २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत काढून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांच्या टप्प्यांत आणल्या गेल्या. हस्तकलेच्या अनेक वस्तू १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. ज्यांनी दर वेगळ्या कोष्टकात, कोणत्या दिनांकापासून लागू या नोंदीसह ठेवले होते, त्यांना त्या दिवशी केवळ काही ओळी भराव्या लागल्या. ज्यांनी तो आकडा आज्ञावलीत जागोजागी लिहून ठेवला होता, त्यांना प्रत्येक पान धुंडाळणे भाग होते.

गाव कोणते, राज्य कोणते

माल राज्यात जाणार की राज्याबाहेर, यावर कराचा प्रकार ठरतो. तेव्हा पत्त्यातील राज्य अचूक कळणे आवश्यक आहे. गावाच्या नावावरून ते ओळखण्याचा मोह टाळावा. मराठीत रायपूर, नागपूर, बिलासपूर ही नावे दीर्घ ऊकाराने लिहितात. हिंदीत ती ऱ्हस्व उकाराने लिहिली जातात. संगणकाच्या दृष्टीने ‘रायपूर’ आणि ‘रायपुर’ हे दोन सर्वस्वी भिन्न शब्द आहेत. पुरानी बस्तीतील दुकानाला दोन्ही लिपिपद्धतींचे गिऱ्हाईक लाभणार, हे उघड आहे.

येथे पिनकोडचे साहाय्य घेता येते. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी, जे स्वतः संस्कृत कवीही होते, ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. तिच्यातील पहिला अंक विभाग दर्शवतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ हे सारे ४ या एकाच विभागात येतात. म्हणून पहिल्या अंकाने काम भागत नाही. दुसरा अंक जोडला की छत्तीसगढ ४९ या आकड्याने वेगळा पडतो. गोवा मात्र ४०३ या उपविभागात, म्हणजे महाराष्ट्राच्या आकड्यांमध्येच, बसलेला आहे. सबब पिनकोडवरून राज्य सुचवावे, पण अंतिम निवड गिऱ्हाइकाने यादीतून करावी, हेच श्रेयस्कर.

देवनागरी लिपीसंबंधी आणखी एक सूचना. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षरास एक बाइट लागते, देवनागरी चिन्हास तीन. ‘रायपूर’ या शब्दात काना व ऊकार धरून सहा चिन्हे आहेत. त्यांना अठरा बाइट लागतात. नावासाठी तीस बाइटांची जागा ठेवली, तर मराठी नाव मध्येच तुटेल. परदेशी बनावटीच्या अनेक जुन्या आज्ञावलींत हा दोष आढळत असे.

किंमत कोणी सांगावी

सुरुवातीच्या काळातील अनेक टोपल्यांत वस्तूची किंमत पानाच्या दडलेल्या भागात लिहिलेली असे, आणि मागणी नोंदवताना ब्राउझर तीच किंमत सर्व्हरला परत पाठवी. पान गिऱ्हाइकाच्या संगणकावर असल्यामुळे तो आकडा बदलणे अवघड नव्हते. हजाराची वस्तू दहा रुपयांस मागितली, तरी सर्व्हर मुकाट्याने ती नोंदवून घेई. दुकानात गिऱ्हाइकाने स्वतःच बिल लिहून आणावे आणि दुकानदाराने ते न वाचता त्यावर शिक्का मारावा, तशातला हा प्रकार.

यातून निघणारा नियम असा की गिऱ्हाइकाकडून फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग घ्यावेत; किंमत, कर, सूट आणि बेरीज ही सर्व्हरने आपल्या कोष्टकांतूनच काढावी. नगांची संख्याही पारखून घ्यावी. ती पूर्णांक असावी, शून्याहून मोठी असावी आणि तिला वरची मर्यादा असावी. उणे दोन नग ही मागणी मान्य केली, तर बिल वाढण्याऐवजी घटेल.

याच जातीचा, पण अधिक घातक दोष डेटाबेसला दिलेल्या आज्ञेसंबंधी आहे. गिऱ्हाइकाने शोधाच्या रकान्यात लिहिलेला मजकूर जसाच्या तसा आज्ञेत चिकटवला, तर लबाड माणूस त्या रकान्यात वस्तूचे नाव न लिहिता नवी आज्ञाच लिहितो, आणि डेटाबेस ती पाळतो. संबंध गिऱ्हाईकयादी अशा रीतीने चोरीस जाऊ शकते. म्हणून आज्ञा आधी बांधून ठेवावी आणि गिऱ्हाइकाचा मजकूर तिच्यातील मोकळ्या जागी केवळ मजकूर म्हणूनच द्यावा. सर्व प्रचलित संगणकभाषांत ही सोय उपलब्ध आहे. ती न वापरण्यास कोणतीही सबब नाही.

शेवटचा नग

कोसा रेशमाची एकच साडी शिल्लक आहे. नागपूरचे आणि पुण्याचे अशी दोन गिऱ्हाइके एकाच क्षणी ती मागतात. आज्ञावली पहिल्यासाठी शिल्लक पाहते : एक. दुसऱ्यासाठीही पाहते : एक. मग दोघांच्याही मागण्या पक्क्या करून शिल्लक उणे एक करते. प्रत्यक्ष दुकानात हे घडत नाही, कारण साडी कोणाच्या तरी हातात असते. संगणकात पाहणे आणि उचलणे या दोन क्रियांच्या मध्ये क्षणाचे अंतर पडते, आणि दोष त्या अंतरातच दडलेला असतो.

उपाय म्हणजे या दोन क्रियांची एक क्रिया करणे. ‘शिल्लक एक किंवा अधिक असेल तरच एकाने कमी कर’ अशी एकसंध आज्ञा डेटाबेसला द्यावी आणि किती ओळी बदलल्या ते विचारावे. एक ओळ बदलली तर साडी मिळाली. एकही बदलली नाही तर ती संपली आहे, असे गिऱ्हाइकास नम्रपणे कळवावे. मागणीची नोंद, तिच्यातील ओळी आणि शिल्लक या तिन्ही गोष्टी एका व्यवहारात गुंफाव्यात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी एक तर सर्व नोंदले जाईल किंवा काहीच नाही. अर्धवट नोंद ही वहीतील सर्वांत वाईट नोंद होय.

पैसे भरणे

गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक लहान दुकानाने आपल्याकडे घेऊच नये. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याने असे क्रमांक साठवून ठेवण्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मनाई आहे. कार्ड असो वा २०१६ साली सुरू झालेली यूपीआय पद्धत असो, गिऱ्हाइकास अधिकृत मध्यस्थाच्या पानावर पाठवावे आणि निकाल तेथून घ्यावा.

हा निकाल दोन वाटांनी येतो. एक, गिऱ्हाइकाचा ब्राउझर परत येतो तेव्हा. दुसरी, मध्यस्थाचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला परस्पर कळवतो तेव्हा. पहिल्या वाटेवर विसंबू नये. पैसे भरल्यावर मोबाइलचे जाळे तुटले, तर गिऱ्हाईक परतत नाही, पण त्याचे पैसे गेलेले असतात. उलट, पैसे न भरताच ‘भरले’ असे सांगणारा पत्ता कोणी हाताने उघडू शकतो. म्हणून मध्यस्थाकडून परस्पर आलेला निरोप, तोही त्यावरील सांकेतिक सही पडताळून आणि रक्कम मागणीशी ताडून, ग्राह्य मानावा. हा निरोप कधीकधी दोनदा येतो. मागणी आधीच ‘भरली’ अशी नोंदलेली असेल, तर दुसऱ्या निरोपाने काहीही बदलू नये. अन्यथा एका मागणीचा माल दोनदा रवाना होईल.

ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-वाणिज्य नियमही येथे पाळावे लागतात. एकूण किंमत तिच्या घटकांसह दाखवणे आवश्यक आहे, आणि संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे निषिद्ध आहे. संमती गिऱ्हाइकानेच द्यावयाची असते.

खुली वही

एवढे झाले म्हणजे आज्ञावली चालू लागते. ती इतरांस द्यावी की नाही, आणि दिली तर कोणत्या अटींवर, हा पुढील प्रश्न. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना सिद्ध झाला. आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांस देण्याचे स्वातंत्र्य हा परवाना देतो; मात्र बदललेली आज्ञावली इतरांस देताना तिचा मूळ मजकूरही त्याच अटींवर दिला पाहिजे, असे बंधन घालतो. एमआयटी परवाना याहून सैल आहे : मूळ सूचना कायम ठेवली की पुरे. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा १९९८ साली रूढ झाली. परवान्याविना नुसता मजकूर प्रसिद्ध करणे म्हणजे मुक्तस्रोत नव्हे, हे अनेकांस ठाऊक नसते. परवाना नसेल तर सर्व हक्क लेखकाकडेच राहतात आणि दुसऱ्याने तो मजकूर वापरणे बेकायदा ठरते.

टोपलीच्या आज्ञावलींचा वंशविस्तार या स्वातंत्र्याचे उत्तम उदाहरण आहे. जर्मनीत हाराल्ड पोन्से दे लेऑन यांनी २००० साली ऑसकॉमर्सचा आरंभ केला. तिच्या दिशेविषयी मतभेद झालेल्या काही मंडळींनी तोच मजकूर घेऊन २००३ साली झेन कार्ट ही वेगळी शाखा काढली. त्यासाठी कोणाची अनुमती लागली नाही. पुढे २००८ साली मॅजेंटो आणि २०११ साली वूकॉमर्स आली. भारतात नोएडा येथील वेबकुल कंपनीने बॅगिस्टो ही आज्ञावली एमआयटी परवान्याखाली खुली केली. मुंबईत रुशभ मेहता यांच्या फ्रापे कंपनीने घडवलेली ईआरपीनेक्स्ट ही तर संपूर्ण हिशेबव्यवस्था आहे. तिच्या मूळ वहीलाच संकेतस्थळावरील दुकान जोडता येते, आणि तीही जनरल पब्लिक लायसन्सखाली उपलब्ध आहे. टोपली ही वहीचाच भाग होय, हे तत्त्व तेथे उघडपणे दिसते.

अशा सिद्ध आज्ञावली असताना नवी लहान आज्ञावली लिहावी कशाला, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष व्यापारासाठी बहुधा सिद्ध आज्ञावली घेणेच शहाणपणाचे. परंतु ज्याने एकदा चार कोष्टके आणि पाच क्रिया स्वतः लिहिल्या आहेत, तो मोठ्या आज्ञावलीतही काय चालले आहे ते ओळखू शकतो, आणि दुकानदारास योग्य प्रश्न विचारण्यास शिकवू शकतो. लहान आज्ञावलीचे एक निराळे सामर्थ्यही आहे : ती एका माणसास एका दिवसात पूर्ण वाचता येते.

देखभालीचे ऋण

मजकूर खुला असला म्हणजे तो आपोआप निर्दोष होतो, ही समजूत चुकीची आहे. २०११ साली ऑसकॉमर्सच्या जुन्या आवृत्त्यांतील ठाऊक असलेल्या उणिवांचा फायदा घेऊन दुकानांच्या लाखो पानांत घातक मजकूर घुसवण्यात आला. उणिवा प्रसिद्ध होत्या. पण दुकानदारांनी एकदा बसवलेली आज्ञावली वर्षानुवर्षे तशीच ठेवली होती. खुला मजकूर सज्जनांप्रमाणे चोरांनाही वाचता येतो. म्हणून दोष आढळल्यावर तो दुरुस्त करणारा कोणी तरी असणे आणि ती दुरुस्ती दुकानापर्यंत पोचणे, या दोन्ही गोष्टी अनिवार्य आहेत.

लेखकाने आज्ञावलीसोबत निदान चार गोष्टी द्याव्यात : परवाना, बसवण्याची पद्धत, दोष कळवण्याचा पत्ता आणि बेरीज, कर व शेवटचा नग यांची परीक्षा करणाऱ्या चाचण्या. बसवण्याची पद्धत हिंदी-मराठीत लिहिली, तर पुरानी बस्तीसारख्या ठिकाणच्या दुकानदाराचा मुलगा ती स्वतः वाचू शकेल. दुकानदाराने आपल्या बाजूने रोजची नक्कल ठेवावी, आणि ती नुसती ठेवू नये तर अधूनमधून रिकाम्या संगणकावर उभी करून पाहावी. जी नक्कल कधी उघडूनच पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मर्यादा

टोपलीची आज्ञावली गिऱ्हाईक आणून देत नाही, माल वेळेवर पोचवत नाही आणि दुकानाची पत निर्माण करीत नाही. गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याचा प्रश्न सोडवण्यासाठी भारतात डिसेंबर २०२१ मध्ये ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली. विक्रेता एका मंचावर आणि ग्राहक दुसऱ्या मंचावर असला, तरी खुल्या संकेतपद्धतीने त्यांचा व्यवहार घडावा, हा तिचा उद्देश आहे. स्वतःची नीटनेटकी वही असलेल्या दुकानास अशा जाळ्यात सामील होणे सोपे जाते, कारण वस्तू, किंमत आणि शिल्लक यांची माहिती त्याच्याच हाती असते.

कोणतीही टोपली निवडताना अखेर एक कसोटी पुरेशी आहे. उद्या ही आज्ञावली सोडावयाची ठरली, तर वस्तू, गिऱ्हाइके आणि जुन्या मागण्या साध्या, कोणत्याही संगणकास वाचता येतील अशा कोष्टकांत बाहेर काढता येतील काय? उत्तर होकारार्थी असेल, तर वही दुकानदाराची आहे. नकारार्थी असेल, तर पडद्यावर दुकानाचे नाव कितीही ठळक अक्षरांत झळकत असले, तरी वहीचा मालक दुसराच कोणी आहे.